ओळंबा स्थिर होईपर्यंत

बसा. वही जवळ असू द्या, पण मिटलेली.

एखादे काम कसे करावे हे सांगणारे पुस्तक लिहायचे तुमच्या मनात आहे. कदाचित बऱ्याच वर्षांपासून आहे. विषय ठरलेला आहे. अनुक्रमणिका करून झाली, खोडून झाली, पुन्हा करून झाली. जवळची माणसे विचारतात, कुठवर आले? तुम्ही म्हणता, सुरुवात करतोच आहे. आणि पहिले पान कोरेच राहते. आज ते भरायची घाई करू नका. आज फक्त पाहायचे, आणि ज्या कामाबद्दल लिहायचे आहे ते काम हाताला पुन्हा आठवू द्यायचे.

पाहण्यासाठी एक गाव घेऊ. हिवरे बाजार, तालुका नगर. पर्जन्यछायेचा मुलूख, वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही त्याच्या मर्जीने. १९७२च्या दुष्काळानंतर या गावाची घडी विस्कटत गेली. डोंगर उघडे पडले. उन्हाळा लागायच्या आत विहिरी तळाला जाऊ लागल्या. हातांना काम नाही म्हणून माणसे शहरांकडे निघाली, आणि मागे उरलेल्या गावात दारूच्या भट्ट्या पेटत्या राहिल्या. १९८९मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले, एम.कॉम. झालेले, गावातलेच तरुण. पुढच्या काही वर्षांत गाव राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत आले. नंतरचे महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०२०मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली, तोवर हे गाव पाहायला देशभरातून माणसे येऊन गेली होती. अजूनही येतात.

त्या येणाऱ्यांमधले एक व्हा. गाडीतून उतरलात. स्वच्छ रस्ते, डोंगरावर झाडी, उन्हाळ्यातही पाणी असलेली विहीर, सारवलेली, रंगवलेली घरे. पाहता पाहता एक प्रश्न मनात येतो, तो इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येतो: आमच्या गावात हे कसे करायचे?

या प्रश्नापाशी जरा थांबा. उत्तर शोधू नका. प्रश्न किती मोठा आहे एवढेच पाहा. त्यात डोंगरावरचे चर आहेत, नालाबांध आहेत, झाडे आहेत. कुऱ्हाडबंदी आहे, चराईबंदी आहे, नशाबंदी, कुटुंबनियोजन, श्रमदान आहे. शाळा आहे, ग्रामसभा आहे, गाई-म्हशी आणि दूध आहे. आणि एकमेकांशी बोलणे सोडलेल्या माणसांना एका बैठकीला आणून बसवणे आहे, जे कुठल्याही नकाशावर दिसत नाही. हे सगळे एका पुस्तकात मावेल? मावेल कदाचित. पण ते पहिल्या पानावर मावणार नाही. तुमचे पहिले पान कोरे राहण्याचे कारण बहुतेक हेच असावे: तुम्ही त्यावर सगळे गाव बसवायला निघाला आहात.

म्हणून नजर हळूहळू आवरती घ्या. गावावरून डोंगरावर. डोंगरावरून एका उतारावर. उतारावरून एका चरावर.

सलग समतल चर. डोंगराला आडवा, एकाच पातळीत खणलेला. साधारण दोन फूट रुंद, फूटभर खोल. कुठे जास्त, कुठे कमी, जमीन पाहून. खणलेली माती उताराच्या बाजूला रचलेली, आणि चराची कड व माती यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा सोडलेली, म्हणजे पहिल्याच सरीत ती माती परत चरात येणार नाही. मातीच्या त्या वरंब्यावर झाडे. वरून धावत येणारे पाणी इथे अडते, उभे राहते, मुरमात जिरते, आणि खालच्या विहिरीला जमिनीच्या आतून पोहोचते. असे चर डोंगराच्या माथ्यापासून सुरू करून खाली यायचे असते. खालचा बांध आधी घातला, तर वरून वाहून आलेल्या गाळाने तो दोन-चार पावसाळ्यांत भरून जातो. माथा ते पायथा हा क्रम पाण्याने ठरवलेला आहे.

हे तुम्हाला पटले. आता मनातल्या मनात त्या उतारावर उभे राहा आणि पाहा, हातात काय आहे? काहीच नाही. चर म्हणजे काय ते कळले, तो का खणायचा ते कळले, किती खोल तेही कळले. पण पहिली कुदळ कुठे मारायची? एकाच पातळीतली रेघ या वाकड्यातिकड्या, दगडधोंड्यांच्या अंगावर कशी ओढायची? डोळा इथे फसवतो. डोळ्याला समतल वाटलेली रेघ बरेचदा एका बाजूला उतरत असते, आणि तशी रेघ खणली तर चराचा ओढा होतो. पाणी अडायचे सोडून एका टोकाला धावते आणि तिथली माती घेऊन जाते.

तुमचा वाचक नेमका इथे उभा आहे. तुम्ही तिथे नसणार. ही गोष्ट नीट मनात उतरू द्या, कारण कसे करावे सांगणाऱ्या लेखनात मला तरी याहून मोठी जबाबदारी दिसत नाही. कथा वाचणारा आरामखुर्चीत असतो. कंटाळला तर पुस्तक मिटतो, बिघडत काही नाही. हा वाचक उन्हात उभा आहे, सोबत श्रमदानाला आलेली चार माणसे आहेत, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागलेले आहेत. त्याच्या हातातले पान जर म्हणत असेल की समतल रेषा आखून घ्यावी, तर त्याने काय करायचे?

चला, त्याच्यासोबत करून पाहू. सावकाश.

साधारण पुरुषभर उंचीहून थोड्या लांब अशा दोन सरळ काठ्या घ्या. दोन्ही सारख्याच लांबीच्या. वरची टोके एकत्र बांधा, खालची फाकवा. मध्यावर एक आडवी काठी बांधा. दोन्ही पायांवर वरच्या टोकापासून सारखेच अंतर मोजून. इंग्रजीतल्या ए अक्षरासारखी चौकट झाली. वरच्या गाठीतून एक दोरी सोडा आणि तिच्या टोकाला दगड बांधा, असा की दोरी आडव्या काठीच्या पुढून खाली लोंबेल. हा तुमचा ओळंबा.

आता चौकट जमिनीवर उभी करा. दोन्ही पाय जिथे टेकले तिथे खुणा करा. दोरी हलते आहे, हलू द्या. वारा असेल तर जरा जड दगड घ्या. दोरी थांबली की ती आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे कोळशाने रेघ ओढा. आता चौकट फिरवा, म्हणजे डावा पाय उजव्याच्या खुणेवर आणि उजवा डाव्याच्या खुणेवर येईल. पुन्हा थांबा. दोरी थांबली की दुसरी रेघ ओढा. दोन रेघांच्या बरोबर मधोमध तिसरी, ठळक खूण करा. ज्या ज्या वेळी दोरी या मधल्या खुणेवर स्थिर होईल, त्या त्या वेळी चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजा.

मग उतारावर जा. जिथून सुरुवात करायची तिथे एक खुंटी ठोका आणि चौकटीचा एक पाय तिच्याशी टेकवा. दुसरा पाय थोडा वर, थोडा खाली सरकवत राहा, दोरी मधल्या खुणेवर येईपर्यंत. आली, थांबली, की तिथे दुसरी खुंटी. आता या दुसऱ्या खुंटीशी पाय ठेवून चौकट पुढे फिरवा. तिसरी खुंटी. चौथी. काही वेळाने मागे वळून पाहा: खुंट्यांची एक रांग डोंगराच्या अंगावरून वळणे घेत गेली आहे. ती सरळ नाही, सरळ असायलाही नको.

इथे थांबा. काय घडले ते पाहा. चर या एका शब्दाआड दोन काठ्या, एक दोरी, एक दगड, एक कोळसा आणि वाट पाहण्याची एक कृती दडलेली होती. ती वाट पाहणेच लिहायचे राहून जाते. ज्याने शंभरदा रेघ आखली आहे त्याला दोरी थांबेपर्यंत थांबायचे असते हे सांगावे लागत नाही. त्याचा हात आपोआप थांबतो. आणि जे आपोआप होते ते लिहिताना आठवत नाही. नवखा माणूस मात्र दोरी हलत असतानाच खूण करतो.

आता तुमच्या स्वतःच्या कामाकडे या. ते काहीही असो: मधमाश्या पाळणे, गोधडी शिवणे, हिशेब लिहिणे, लहान मुलाला वाचायला शिकवणे. डोळे मिटले तरी चालेल. त्या कामातला एक चर निवडा. सगळ्यात महत्त्वाचा नको, सगळ्यात आवडता हवा असेही नाही. तुमच्या हातांनी इतक्या वेळा केलेला की आता तो करताना तुम्ही दुसरेच काही बोलत असता. तो मनात पहिल्यापासून करा. हात कुठे थांबतात? कशाची वाट पाहतात? कुठला वास, कुठला आवाज, कुठला स्पर्श आल्यावर पुढे जातात? घाई नको. एकदा करून झाले की पुन्हा करा. दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा अधिक दिसेल.

मराठीत या प्रकारच्या लेखनाची परंपरा जुनी आहे, आणि ती हाताशीच सुरू होते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. एवढा मोठा अध्यात्मग्रंथ, आणि त्यात अक्षर वाटोळे आणि मोकळे कसे काढावे, शाई कशी असावी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकसारखे कसे राखावे, कडेने जागा किती सोडावी, लेखण्या आणि चाकू कसे जवळ बाळगावेत हे सगळे येते. ज्याच्या हातात बोरू आहे त्याला काय लागेल हे रामदासांना माहीत होते, कारण तो बोरू त्यांच्याही हातात होता.

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७०मध्ये आले आणि पिढ्यान्‌पिढ्या लेकी-सुनांच्या स्वयंपाकघरात राहिले. त्यातली मापे वाटी-चमच्याची आहेत. त्या वाटीकडे जरा वेळ पाहा. तराजू प्रत्येक घरात नसतो, वाटी असते. म्हणजे लिहिण्याआधी बाईंनी वाचणारीच्या ओट्यावर काय आहे ते पाहिले. त्याही आधी, १९१०मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र’ नावाने हजार पाकक्रिया लिहिल्या होत्या. हजार हा आकडा पाहून दडपण येते, पण त्यातलीही प्रत्येक कृती कधीतरी एकटीच लिहिली गेली असणार.

म्हणून पुढचा प्रश्न असा: तुमच्या वाचकाच्या घरात वाटी कोणती? त्याच्याजवळ काय आधीपासून आहे? उतारावरच्या त्या माणसाकडे दुर्बिणीचे महागडे यंत्र नव्हते, काठी आणि दोरी होती. तुमच्या माणसाकडे काय आहे? त्याला चेहरा द्या. वाचकवर्ग म्हणून अमूर्त गर्दी समोर आणली की शब्द अवघड होत जातात. ओळखीतले एकच माणूस घ्या: धाकटा मावसभाऊ, शेजारच्या काकू, कामावर नव्याने रुजू झालेली मुलगी. त्या माणसाजवळ किती वेळ आहे, किती पैसे आहेत, कोणाची भीती आहे? चुकले तर त्याचे काय नुकसान होईल? या शेवटच्या प्रश्नापाशी जास्त वेळ राहा. जिथे नुकसान मोठे आहे, तिथे तुम्हाला जास्त शब्द खर्चावे लागतील. जिथे चूक सहज निस्तरता येते तिथे दोन ओळीही पुरतील. प्रकरणे सारख्या लांबीची असलीच पाहिजेत असे नाही.

आता पुन्हा हिवरे बाजारला या, कारण या गावाकडे शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे आणि ती पाहुण्यांच्या डोळ्यांतून सहसा निसटते. डोंगरावरचे चर दिसतात. गावाने काय करायचे नाही हे ठरवले, ते दिसत नाही. झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. मोकाट गुरे डोंगरावर सोडायची नाहीत. गवत कापून आणायचे आणि गोठ्यात घालायचे. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. ऊस, केळी यांसारखी पाणी पिणारी पिके लावायची नाहीत. कल्पना करा, चर तसेच राहिले असते आणि हे नकार नसते तर? जिरवलेले पाणी बोअरच्या एका पाईपातून एका बागेला गेले असते, रोपे शेळ्यांनी खाल्ली असती. चराचे मोजमाप अचूक असूनही विहीर कोरडीच राहिली असती. पाणी अडवायला माणूस पटकन तयार होतो. वापरावर आपणहून मर्यादा घालून घेणे फार जड जाते. मला या गावाचे सगळ्यात मोठे काम हेच वाटते.

तुमच्या कामातले नकार कोणते? करून पाहिलेल्या माणसालाच ते माहीत असतात. काय घालू नये, कधी हात लावू नये, कोणता सोपा रस्ता पुढे जाऊन बंद होतो. ते आठवा. एकेक येऊ द्या. त्यांना पुस्तकाच्या शेवटी ‘काही सूचना’ म्हणून कोपऱ्यात बसवू नका. कुऱ्हाडबंदी झाडे लावण्याच्या सोबतच यायला हवी. रोपे वाढून तुटल्यावर तिचा उपयोग नाही. ज्या पायरीवर चूक होते त्या पायरीवरच नकार लिहायचा.

आणि मग पाण्याचा ताळेबंद. पावसाळा सरला की या गावात हिशेब मांडला जातो: पाऊस किती मिलिमीटर झाला, विहिरींची पातळी कुठे आहे, जमिनीत किती मुरले असेल. त्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे. उरलेल्यात रब्बीला काय घेता येईल, किती क्षेत्रावर, उन्हाळी पीक घ्यायचे की सोडायचे, हे ग्रामसभेत ठरते. कमी पावसाच्या वर्षी कमी पेरतात. म्हणजे या गावाची रीत कायमची एक नाही. ती दरवर्षीच्या मापाशी बांधलेली आहे.

हे तुमच्या पुस्तकाला कसे लागू पडते, ते शांतपणे पाहा. तुम्ही लिहिणार आहात ते कुठल्या परिस्थितीत खरे आहे? काळ्या जमिनीत की मुरमाड? नवख्यासाठी की थोडा हात बसलेल्यासाठी? एकट्याने करायचे की चौघांनी? कोकणातल्या तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावाने हिवरे बाजारचा ताळेबंद जसाच्या तसा उचलला तर त्याला काही हाती लागणार नाही. पण आपला पाऊस आपण मोजायचा आणि मग ठरवायचे, एवढे तो उचलू शकतो. तुमच्या कृतीत असे काय आहे जे दुसऱ्या मातीत नेता येईल, आणि काय तुमच्याच अंगणात राहील? जे राहील तेही लिहा. हे माझ्याकडे असे झाले, तुमच्याकडे वेगळे होईल, असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या लेखकावर वाचकाचा विश्वास बसतो. हिवरे बाजारला जे घडले त्यात ग्रामसभेत झालेल्या एकमताचा वाटा फार मोठा आहे, आणि एकमताची पाककृती कोणाला लिहिता येईल असे मला वाटत नाही. बैठक कशी बोलवावी, आधी कोणाच्या घरी जाऊन बसावे, पहिले काम असे निवडावे की ज्याचा फायदा सगळ्यांना दिसेल, एवढे लिहिता येते. पुढचे त्या त्या गावाने करायचे.

पाणी मुरवण्याचा सल्ला मराठीत जुनाच आहे. १८८३मध्ये महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. त्यात शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे आहेत, संताप आहे. आणि त्याच पुस्तकात पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे घालावेत, त्या कामाला सरकारने आपल्या शिपायांचे हात लावावेत, असा अगदी कामाचा सल्लाही आहे. ज्याच्या मनात माणसाबद्दल एवढी कळकळ असते त्याला शेवटी हाताला धरून सांगावेसेच वाटते. तुम्हालाही हे पुस्तक लिहावेसे का वाटते, ते एकदा स्वतःला विचारा. कोणाचे कष्ट वाचावेत असे वाटते? तुम्ही शिकत होता तेव्हा कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, असे काय होते? उत्तर आले तर येऊ द्या. कोणाला सांगायची गरज नाही. लिहिताना ते जवळ असले म्हणजे झाले.

आता वही उघडा.

शीर्षक लिहू नका. प्रस्तावना नको, विषयाचे महत्त्व नको, अनुक्रमणिका तर नकोच. निवडलेला तो एक चर घ्या आणि ज्या माणसाला चेहरा दिलात त्याला उद्देशून पहिले वाक्य लिहा. त्यात एक क्रियापद असावे जे हाताने करता येते: घ्या, बांधा, मोजा, भिजवा, उघडा. पुढच्या वाक्यात त्याच्या पुढची हालचाल. जिथे थांबायचे असते तिथे थांबा असे लिहा, आणि कशासाठी थांबायचे, थांबणे संपले हे कशावरून ओळखायचे, तेही. जिथे नकार आहे तिथे नकार. कारण सांगायचे तर पायरी सांगून झाल्यावर एका वाक्यात. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला आधी काय करायचे ते हवे असते. एका पानात संपले तर एक पान. तीन लागली तर तीन. काम संपले की लिहिणेही थांबवा.

मग ते पान त्या माणसाच्या हातात द्या आणि त्याच्याजवळ बसा. बोलू नका. मदत करू नका, हात पुढे करू नका, तोंडातून ‘अहो, तसे नाही’ निघू देऊ नका. तो पान वाचून काम करू लागेल. कुठेतरी थबकेल, पान पुन्हा वर धरून पाहील, तुमच्याकडे बघेल. तो थबकला त्या ओळीसमोर पेन्सिलीने खूण करा आणि त्याला पुढे जाऊ द्या.